आधीं मुलें, मग आंकडे

शहादा तालुक्यांत प्रकाशा येथें तापी-गोमाईच्या संगमांत आम्ही पोहावयास शिकलों, तेव्हां घड्याळाशीं कोणाचें काम नव्हतें. आतां उन्हाळ्याच्या सुटींत तलावावर मुलांच्या वेळा घेतात. एकदां आमच्याच हातून एका मुलाची वेळ टिपावयाची राहिली. त्यास लागलीच पुनः पोहावयास लावलें; दमलेलें पोर मध्येंच बुडूं लागलें. काठावरील मदतनिसानें ओढून काढिलें, म्हणून वांचलें! तेव्हांपासून आमचा शिरस्ता असा: तुकड्या आदले दिवशींच पाडाव्या, पुढील तुकडी काठावर सज्ज ठेवावी, तीन घड्याळांत तीन वेळा आल्यास मधली धरावी व तत्काळ लिहावी. अशानें वेळ वांचतो, घोटाळा टळतो. मात्र प्रत्येक तुकडी बाहेर येतांच आधीं डोकीं मोजावीं, मग आंकडे पाहावे.