सामान्य शिक्षणातील ‘सामान्य’ : दोन वर्षांच्या पदवीच्या निमित्ताने

‘सामान्य शिक्षण’ या संज्ञेतील ‘सामान्य’ या विशेषणाने मराठीत काहीसा घोटाळा करून ठेवला आहे. जे सर्वांना समान ते सामान्य, हा या शब्दाचा मूळ अर्थ; परंतु रूढ वापरात जे विशेष नाही, जे बेताचे आहे, तेच सामान्य ठरते. विद्यापीठीय व्यवहाराने या दुसऱ्या अर्थाला बळकटी दिली. ‘सामान्य स्तर’ आणि ‘विशेष स्तर’ अशी अभ्यासपत्रिकांची विभागणी वर्षानुवर्षे चालत आली. विशेष स्तर शिकविणारा तो खरा साहित्याचा अध्यापक आणि सामान्य स्तराचे तास म्हणजे विभागाला कार्यभार मिळवून देणारी सोय, असा अलिखित संकेत त्यातून रुजला. परिणामी, जो विद्यार्थी साहित्याचा अभ्यासक होणार नाही त्याला साहित्य कशासाठी शिकवायचे, हा प्रश्न मराठी विभागांनी गांभीर्याने स्वतःला विचारलाच नाही. पदवी शिक्षणाच्या नव्या रचनेत दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आल्यानंतर हा प्रश्न अधिक काळ टाळता येणारा नाही.

दोन वर्षांची कलाशाखीय पदवी ही मूळची अमेरिकी व्यवस्था. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची कनिष्ठ व वरिष्ठ अशी विभागणी केली आणि पहिली दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यास ‘असोसिएट’ ही स्वतंत्र पदवी देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू केली. त्यांच्याच प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सहा विद्यार्थ्यांनिशी कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. आज अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांपैकी ते सर्वांत जुने मानले जाते. हार्पर यांच्या योजनेमागील एक हेतू येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. चार वर्षे ज्यांना शक्य नाहीत किंवा ज्यांना तेवढी इच्छा नाही, त्यांना दोन वर्षांच्या टप्प्यावर सन्मानाने थांबता यावे, असे त्यांना वाटत होते. म्हणजेच ही पदवी जन्मली ती केवळ पुढे जाणाऱ्यांची पायरी म्हणून नव्हे. थांबणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा विचारही तिच्या मुळाशी होता.

या दोन वर्षांत शिकवायचे काय, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतर अधिक स्पष्ट झाले. १९४५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने सामान्य शिक्षणावरील आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. विशेष शिक्षण माणसाला व्यवसायासाठी तयार करते, तर सामान्य शिक्षण त्याला जबाबदार माणूस आणि नागरिक म्हणून घडविते, अशी त्याची मांडणी होती. साहित्यातील श्रेष्ठ ग्रंथांचे वाचन हा त्या समितीच्या दृष्टीने सर्व विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भाग होता. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये हाच विचार कम्युनिटी कॉलेजांपर्यंत नेला. भाषा व लेखन, गणित, कला व मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, नैसर्गिक शास्त्रे अशा क्षेत्रांतून प्रत्येकाने काही श्रेयांक मिळवावेत, ही पुढे सर्वत्र रूढ झालेली चौकट या वैचारिक पार्श्वभूमीवर उभी राहिली.

ही चौकट आज कोठे येऊन पोहोचली आहे, हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण उद्बोधक आहे. शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजे असलेल्या या राज्यात दोन वर्षांची पदवी सामान्यतः ६० श्रेयांकांची असते. तेथून राज्याच्या दोन विद्यापीठ-व्यवस्थांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्वी सामान्य शिक्षणाचे वेगवेगळे आराखडे सांभाळावे लागत. कोणते श्रेयांक कोठे ग्राह्य धरले जातील याचा उलगडा होत नसे आणि अनेकांची वर्षे व पैसा वाया जाई. २०२१ च्या कायद्याने यावर उपाय योजला आणि २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ३४ श्रेयांकांचा एकच आराखडा लागू झाला. नोकरी करून शिकणाऱ्या, फीचा प्रत्येक डॉलर मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सुधारणा आवश्यकच होती, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे.

परंतु ही सुटसुटीत रचना साधताना काय कमी झाले? १९९१ पासून चालत आलेल्या आंतरविद्यापीठीय आराखड्यात कला व मानव्यविद्यांना ९ श्रेयांक होते. नव्या आराखड्यात ते ६ झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे जाणाऱ्यांसाठी इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेतील प्रावीण्याची अट होती, तीही या आराखड्यातून गेली. इंग्रजी संप्रेषण, तर्कशुद्ध लेखन आणि वक्तृत्व यांचे ९ श्रेयांक मात्र सर्वांसाठी पक्के झाले. वांशिक समूहांच्या अभ्यासाला ३ श्रेयांकांचे स्वतंत्र स्थान आहे, ही जमेची बाजू नोंदवली पाहिजे. तरीही एकूण कल लपत नाही. भाषा राहते, पण कौशल्य म्हणून. साहित्य राहते, पण निवडता येईल अशा अनेक विषयांपैकी एक म्हणून. शिवाय या ३४ श्रेयांकांची आखणी झाली आहे ती पुढे जाणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून. दोन वर्षांवर थांबू इच्छिणाऱ्यासाठी महाविद्यालयांचे जे स्थानिक नियम असतात, त्यांत सामान्य शिक्षणाची किमान मर्यादा याहूनही कमी आहे. ज्याच्या आयुष्यात पुन्हा औपचारिक शिक्षण येण्याचा संभव कमी, त्याच्या वाट्याला सामान्य शिक्षणही कमी, असा हा उलटा न्याय आहे.

हा न्याय महाराष्ट्रात तसाच आणायचा की नाही, हे ठरविण्याची वेळ आली आहे. २० एप्रिल २०२३ च्या शासननिर्णयातील आराखड्यानुसार दोन वर्षांत ८० ते ८८ श्रेयांक मिळविणारा आणि त्याखेरीज ४ श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कार्यानुभव पूर्ण करणारा विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडू शकतो. थांबणाऱ्याकडून जे अधिकचे मागितले आहे ते कौशल्य आहे, वाचन नव्हे. त्याच आराखड्यात आधुनिक भारतीय भाषेला जे स्थान आहे ते क्षमता-संवर्धनाच्या सदरात, ४ श्रेयांकांचे. या सदराचे अभ्यासक्रम बनविताना पत्रलेखन, वृत्तलेखन, जाहिरात, सूत्रसंचालन यांकडे वळण्याचा मोह स्वाभाविक आहे. या गोष्टी निरुपयोगी नाहीत. तथापि, ज्या विद्यार्थ्याने अठराव्या वर्षानंतर एकही संपूर्ण मराठी पुस्तक वाचलेले नाही, त्याला सूत्रसंचालन शिकविणे म्हणजे विहीर न खणता रहाट बसविण्यासारखे आहे.

साहित्याला खरा वाव आहे तो ज्याला महाविद्यालयांतून ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हटले जाते त्या सदरात. पहिल्या दोन वर्षांत मिळून त्याला १० ते १२ श्रेयांक आहेत. मात्र हा विषय विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून निवडावा, अशी अट या आराखड्यात घातलेली आहे. वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासाठी ती उपकारक आहे. साहित्यापर्यंत येण्याचा रस्ता तिने त्याला मोकळा केला. पण मानव्यविद्या शाखेत इतिहास वा अर्थशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला याच अटीमुळे या सदरात मराठी साहित्य निवडता येत नाही. दोन विषय एकाच शाखेत बसतात म्हणून त्यांतील एक जाणणाऱ्याला दुसऱ्याची गरज नाही, हे गृहीतक शिक्षणाच्या दृष्टीने टिकणारे नाही. या अटीचा फेरविचार व्हावा, अशी मागणी विभागांनी अभ्यासमंडळांमार्फत करणे अगत्याचे आहे.

भारतात हा विचार नवा नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच पदवी शिक्षणात सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला होता. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर त्याहूनही आधीचा आणि अधिक मूलगामी दाखला १८८२ चा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमासाठी मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य एवढ्या गोष्टींचा आग्रह होता. प्राथमिक शाळा आणि महाविद्यालय यांत अंतर आहे हे खरे. पण दृष्टी नेमकी हीच हवी. जे मूल पुढे जाणार नाही तेही पूर्ण शिक्षणाचे अधिकारी आहे, आणि त्याच्या शिक्षणात हिशेबाबरोबर इतिहास व शेतीबरोबर व्याकरण असले पाहिजे, हे फुले यांनी उपयुक्ततेची बाजू न सोडता सांगितले. उपयुक्त आणि उदार अशी शिक्षणाची फारकत त्यांच्या विचारात नाही.

या दृष्टीने सामान्य शिक्षणातील मराठीचा अभ्यासक्रम कसा असावा? पहिली गोष्ट म्हणजे तो विशेष स्तराची पातळ आवृत्ती नसावा. वाङ्मयेतिहासाचे कालखंड, वाङ्मयप्रकारांच्या व्याख्या, रससिद्धान्ताची तोंडओळख ही भावी अभ्यासकाची सामग्री आहे. इतरांच्या हाती ती परीक्षेनंतर उरत नाही. दुसरी गोष्ट, वेच्यांऐवजी संपूर्ण पुस्तके असावीत; एका सत्रात दोन पुरेत. उदाहरणार्थ, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) ही दोन पुस्तके वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात बलुतेदारी ही गावाच्या देवघेवीची व्यवस्था म्हणून दिसते. दुसऱ्यात त्याच व्यवस्थेच्या तळाशी जन्मलेल्या माणसाचे आयुष्य दिसते. श्रम, मोबदला आणि हक्क या ज्या संज्ञा त्याने अर्थशास्त्राच्या तासाला पाठ केल्या, त्यांना येथे माणसांचे चेहरे मिळतात. दोन लेखकांच्या जागा वेगळ्या असल्यामुळे एकच गाव वेगळे कसे दिसते, हे समजणे म्हणजे साक्षीपुराव्याची पारख शिकणे. ही पारख पुढे वर्तमानपत्र वाचताना, कर्जाचा करार वाचताना आणि निवडणुकीतील भाषण ऐकतानाही लागते.

तिसरी गोष्ट लेखनाची. विद्यार्थ्याने वाचलेल्या पुस्तकावर स्वतःच्या शब्दांत, आधार देऊन, सत्रात चार-पाच वेळा लिहावे आणि ते लेखन तपासून परत मिळावे. यासाठी वर्गाची संख्या मर्यादित लागेल आणि अध्यापकाचा वेळ लागेल. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात, तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडून याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. म्हणून विभागातील अनुभवी अध्यापकांनीच हे वर्ग प्रथम आपल्याकडे घेणे आवश्यक आहे. जे काम विभाग स्वतः दुय्यम मानतो, त्यासाठी प्रशासनाकडे साधने मागण्याचा नैतिक अधिकार त्याला उरत नाही.

अशा अभ्यासक्रमाने रोजगार मिळतो काय, हा आक्षेप घेतला जाईल. एका अभ्यासपत्रिकेने रोजगार मिळतो असा दावा कोणत्याच विषयाने प्रामाणिकपणे करू नये. येथे प्रश्न निराळा आहे. पदवीधराला पुढे पुष्कळ संधी असतात; एम.ए.ला येणाऱ्या विद्यार्थ्याची राहिलेली पुस्तके वाचून होऊ शकतात. दोन वर्षांनंतर घरच्या दुकानात, कारखान्यात, शेतीवर वा संसारात जाणाऱ्या मुलाच्या-मुलीच्या बाबतीत ती चार सत्रे हीच विद्यापीठाची अखेरची भेट असते. पुढच्या शिक्षणाची पूर्वतयारी म्हणून जे योजले, ते त्यांच्यापुरते संपूर्ण शिक्षण ठरते. म्हणून सामान्य शिक्षणाच्या कोणत्याही आराखड्याची कसोटी पुढे जाणाऱ्यावर नव्हे, तर थांबणाऱ्यावर घेतली पाहिजे. पदविका घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या भाषेतील दोन-चार थोर पुस्तके अखेरपर्यंत वाचलेली असावीत आणि त्यांच्याविषयी स्वतःचे मत मांडता येण्याइतकी भाषा त्याच्या हाती असावी, एवढी किमान जबाबदारी मराठी विभागांनी स्वीकारली, तर ‘सामान्य’ या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळेल.