पाषाणचा हिरवा स्फटिक आणि आपली टेकडी

वेताळ टेकडीवर पहाटे चढून गेलं की पाय आपसूक जुन्या खाणीकडे वळतात. दगड काढून काढून झालेल्या त्या खड्ड्यात आता पाणी साठतं. काठावर बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं, वाऱ्यावर घाम सुकू द्यायचा, मोराची हाक ऐकायची आणि मग पाषाणच्या अंगाला उतरायचं किंवा चतुःशृंगीकडे परतायचं. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवरचा, भर शहरातला असा विसावा पुण्याला दुसरा नाही.

बसल्या बसल्या समोरचा कातळ न्याहाळा. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं. बहुतेक पोकळ्या दाण्याएवढ्याच असल्यानं गच्च भरून गेल्या. जिथे पोकळी ऐसपैस होती तिथे स्फटिकांना वाढायला जागा मिळाली. पाषाण परिसरातल्या खाणींत अशाच पोकळ्यांतून हिरवा अ‍ॅपोफायलाइट निघाला. काचेसारखा पारदर्शक आणि व्हॅनेडियमच्या अंशामुळे कोवळ्या पालवीच्या रंगाचा. तो अंगठीत टिकण्याइतका कठीण नाही, तापवला तर त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून सराफाकडे त्याला फारशी जागा नाही, पण जगभरचे खनिजसंग्राहक त्याच्यावर जीव टाकतात. परदेशातल्या संग्रहालयांत त्याच्याखालच्या चिठ्ठीवर अजूनही ‘पूना’ लिहिलेलं असतं.

ही ओळख आजची नाही. 1863 साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला. त्यासाठी कातळ फोडताना अशा स्फटिकांच्या खोल्याच्या खोल्या उघड्या पडल्या आणि त्यांतले उत्तम नमुने बोटीनं विलायतेला गेले. पुढे वाघोलीच्या खाणींतून निळाशार कॅव्हन्साइट मिळाला. सुरुंग लावले म्हणूनच ही संपत्ती दिसली, हे मान्य करायलाच हवं. पण खाणीत काम चालायचं ते खडीसाठी. कुणाची नजर पडली तो स्फटिक वाचला, बाकीचे क्रशरमध्ये गेले आणि आपल्या रस्त्यांखाली दबले. किती गेले याची मोजदाद कुणीच ठेवली नाही. ज्या गावाचं नावच पाषाण, त्या गावाच्या दगडाबद्दल टेकडीवर एक साधा फलकही मला आजवर दिसलेला नाही.

आणि आता याच टेकडीच्या कुशीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा, तिच्या पोटातून बोगदे खणायचे, असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतात. 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. वाहतुकीची कोंडी खरी आहे, ती मीही रोज सोसतो. तरीही माझं मत ठाम आहे: या टेकडीनं शहराला दगड एकदा दिला आहे, दुसऱ्यांदा मागू नये. कातळातल्या भेगांतून झिरपणारं पाणी खालच्या वस्त्यांच्या विहिरी-बोअरना पोचतं. बोगदा त्या वाटा तोडू शकतो, आणि तुटलेली भेग कुठलंही खातं सांधून देऊ शकत नाही.

लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्थळाचा मान मिळाला. वेताळ टेकडीची खाण आणि तिचा उघडा कातळ यांनाही निदान शहराच्या पातळीवर संरक्षण मिळावं, अशी मागणी करूया. रस्त्यासाठी वा बोगद्यासाठी हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा प्रत्येक घरातून एक पत्र गेलं पाहिजे, स्वतःच्या शब्दांत आणि सहीनिशी. भूशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा मुलांना वर आणावं. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात काचेमागे मांडलेली खनिजं पाहण्याआधी ती कुठल्या कातळात जन्मतात हे त्यांना कळू द्या.

येत्या रविवारी सकाळी सहाला घरच्यांना घेऊन वर या. खाणीच्या काठावर बसा, भिंतीला हातोडी लावू नका, आणि उतरण्याआधी शेजारी बसलेल्याला या हिरव्या दगडाची गोष्ट सांगा.