गॅलिलिओच्या सात रात्री आणि तुमच्या बत्तीस स्लाइड्स



मागे एका आंतरशालेय स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता 'वैज्ञानिक क्रांतीचा कालखंड', वेळ दहा मिनिटे. पहिल्याच गटाने बत्तीस स्लाइड्स आणल्या होत्या. १५४३ सालचा कोपर्निकसचा ग्रंथ, मग टायको, केप्लर, गॅलिलिओ आणि शेवटी १६८७ सालचा न्यूटनचा 'प्रिन्सिपिया'. जवळजवळ दीडशे वर्षे आगगाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या खांबांसारखी पळत गेली. शेवटी मी एवढेच विचारले, "गुरूजवळ दिसलेले ठिपके तारे नसून चंद्र आहेत, हे गॅलिलिओला कशावरून कळले?" मुलगी हुशार होती. तिने उत्तरासाठी पडद्याकडे पाहिले. पडद्यावर 'धन्यवाद' होते.

दोष तिचा नव्हे, असे माझे मत आहे. कालखंड म्हटला की तो सगळाच्या सगळा आणला पाहिजे, ही आपणा सर्वांचीच समजूत. पुस्तकात ते चालते, कारण पान वाचक आपल्या सवडीने उलटतो. स्लाइड मात्र तुम्ही बदलता आणि ऐकणाऱ्याला तुमच्यामागून धावावे लागते. म्हणून दीडशे वर्षांतून एकच प्रसंग उचला. पण तो असा, की त्यातून सारा काळ डोकावेल.

मी तुमच्या जागी असतो तर जानेवारी १६१० मधल्या सात रात्री घेतल्या असत्या. स्लाइड अगदी साधी: काळी पार्श्वभूमी, मध्ये गुरूचे वर्तुळ, बाजूला ठिपके आणि कोपऱ्यात तारीख. ७ जानेवारी: तीन ठिपके, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. येथे थांबा आणि वर्गाला विचारा, उद्या काय दिसेल? ८ जानेवारी: तिन्ही पश्चिमेला! हे तारे स्थिर असतील, तर गुरू पूर्वेकडे सरकला असला पाहिजे. पण कोष्टकांनुसार तो तेव्हा पश्चिमेकडे सरकत होता. गॅलिलिओला आधी कोष्टकांचाच संशय आला, हेही सांगा. ९ जानेवारी: स्लाइड कोरी ठेवा. त्या रात्री आकाश ढगाळ होते. त्याला जशी वाट पाहावी लागली तशी वर्गालाही क्षणभर पाहू द्या. १० जानेवारी: दोनच ठिपके, दोन्ही पूर्वेला. तिसरा कुठे गेला? आता वर्गातले कोणीतरी बोलेलच, "गुरूच्या मागे!" १३ जानेवारीला चार ठिपके दिसले, तेव्हा तुम्हाला फारसे काही सांगावे लागणार नाही.

ही निरीक्षणे त्याने मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे 'सिडेरिउस नुन्सिउस' या छोट्या लॅटिन पुस्तकात छापली. त्यातल्या आकृत्याही अशाच आहेत, वर्तुळ आणि बाजूला चांदण्या. त्यांतली एक जरूर दाखवा. मात्र 'गॅलिलिओने सूर्यकेंद्री सिद्धान्त सिद्ध केला' असे लिहू नका, कारण या चार ठिपक्यांनी ते सिद्ध झाले नव्हते. पृथ्वी फिरत असती तर चंद्र मागे राहिला असता, असा एक आक्षेप होता. गुरू फिरतो हे दोन्ही पक्षांना मान्य होते आणि त्याचे चंद्र तर मागे राहत नव्हते. आक्षेपाचे बळ गेले, एवढेच. पण 'एवढेच' म्हणजे थोडे नाही.

चित्रे निवडताना जपा. पांढऱ्या दाढीचा जो गॅलिलिओ सर्वत्र दिसतो, ते सुस्टरमन्स या चित्रकाराचे चित्र १६३६ सालचे. तेव्हा त्याची सत्तरी उलटली होती. १६१० च्या जानेवारीत तो ४५ वर्षांचा होता, पादुआ विद्यापीठात गणित शिकवत होता. (जवळपास माझ्याच वयाचा, हे मनाला जरा लागते.) पिसाच्या मनोऱ्यावरून सर्वांसमक्ष गोळे टाकल्याची गोष्ट त्याचा शिष्य विवियानी याने लिहिलेली आहे, ती घ्यायचीच असेल तर तसे सांगून घ्या. काळाचे भान देण्यासाठी एक वाक्य पुरते: १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओवर खटला चालला, तेव्हा शिवाजी महाराज तीन वर्षांचे होते.

आता थोडे गणित, त्याशिवाय आमच्यासारख्यांना चैन पडत नाही. डोळे तपासण्याच्या तक्त्यावरील ६/६ ओळीचे अक्षर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करते. शेवटचा बाक पडद्यापासून ९ मीटरवर असेल, तर तेवढ्या कोनासाठी अक्षर सुमारे १.३ सेंटिमीटर उंच हवे. ही झाली कशीबशी ओळखण्याची मर्यादा. सुखाने वाचायला तिप्पट, म्हणजे ४ सेंटिमीटर धरा. वर वेलांटी, खाली उकार आणि मोकळी जागा मिळून ओळीला १० सेंटिमीटर लागतात. पडदा १२० सेंटिमीटर उंच असेल, तर शीर्षक आणि समास सोडून सात-आठ ओळी मावतील. मी तर चारावरच थांबेन. उडत्या अक्षरांविषयी न बोललेले बरे.

शिक्षकांनाही एक विनंती. गुणांच्या तक्त्यात 'सजावट' आणि 'स्लाइड्सची संख्या' असे रकाने असतील, तर मुले सजावट आणि संख्याच आणणार. निम्मे गुण शेवटच्या प्रश्नोत्तरांना ठेवा आणि त्या वेळी पडदा बंद करा.

आणि मुलांनो, संध्याकाळच्या आकाशात गुरू असेल त्या दिवसांत एखादी साधी दुर्बीण मिळवा, ती गच्चीच्या कठड्यावर घट्ट टेकवा आणि ओळीने चार-पाच रात्री ठिपके टिपा. शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद'ऐवजी ती तुमची आकृती लावा. खाली तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. ढग आले तर तेही लिहा.