हबशी मुलगा

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर पाहिलंय ना? अखंड खडकात कोरलेलं! आफ्रिकेतल्या इथिओपियात, लालिबेला गावी अशीच ११ चर्च आहेत. सुमारे ८०० वर्षांपूर्वी तिथल्या बलाढ्य राजानं ती कोरवून घेतली, असं मानतात. अरब त्या देशाला ‘हबश’ म्हणत. त्यावरूनच आपला ‘हबशी’ शब्द आला.

त्याच देशात १५४८च्या सुमारास चापू नावाचा मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. आईवडील सुटले, गाव सुटलं, नावही गेलं! हातोहात विकला जात तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला. तोच मलिक अंबर! हा गुलाम पुढे निजामशाहीचा वजीर झाला. आपल्या जुन्नरला त्यानं काही काळ राजधानी नेली. १६१०मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नळानं पाणी खेळवलं. १६२४मध्ये भातवडीला त्यानं मोगल-आदिलशाही फौजांना धूळ चारली, तेव्हा शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले.

आता सांगा, वर्गात कुणाला रंगावरून ‘हबशी’ म्हणून चिडवाल? आणि कुणी तुम्हालाच तसं म्हटलं, तर ही गोष्ट त्याला जरूर ऐकवा!