पाणी तुंबले नाही. पण गेले कुठे?

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. किती गाळ काढला, कागदावर किती दाखवला, यावर वाद रंगतात. पहिल्या मुसळधार पावसात पाणी तुंबले नाही की सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. ते पाणी जाताना बरोबर काय घेऊन गेले, हे मात्र कोणी विचारत नाही.

घरातले सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे जावे, अशी निदान अपेक्षा असते. पावसाळी गटार मात्र थेट नाल्याला, नदीला किंवा तळ्याला मिळते. एक हेक्टर डांबरी जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ एक लाख लिटर पाणी वाहते. महिनोन्‌महिने साचलेले गाड्यांचे तेल, टायरची भुकटी, बागेतले खत, बांधकामाची माती पहिल्याच पावसात धुऊन निघते. गटार जितके स्वच्छ, तितकी ही घाण लवकर पोहोचते!

विद्यापीठाचे आवार म्हणजे एक छोटे गावच. वसतिगृहे, खाणावळी, प्रयोगशाळा, वाहनतळ, शिवाय कुठे ना कुठे चाललेले बांधकाम. पवई तलाव १८९१ साली मुंबईच्या पाण्यासाठी बांधला गेला. १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी पुढे त्याच्या काठी उभी राहिली. आज ते पाणी पिण्याजोगे नाही. याचा दोष एकट्या संस्थेच्या माथी मारता येणार नाही; भोवती वाढलेल्या शहराचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि, पाणलोटातली प्रत्येक फरशी तलावाशी जोडलेली असते, हे विसरता येत नाही.

कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या आवारातून स्ट्रॉबेरी क्रीक नावाचा ओढा वाहतो. १९८७ मध्ये त्याच्या सुधारणेची योजना आखली गेली. ओढ्यात शिरणारे मैलापाणी अडवण्यात आले, काठाची धूप रोखण्यात आली आणि १९८९ मध्ये तिथे स्थानिक मासे पुन्हा सोडले गेले. पण डिसेंबर २०११ मध्ये आवारातल्याच एका इमारतीतून सांडलेले डिझेल त्याच ओढ्यात गेले. म्हणजे हे काम एकदा करून संपणारे नव्हे.

अमेरिकेने १९८७ मध्ये पावसाळी गटारांना कायद्याच्या कक्षेत आणले. १९९९ च्या नियमांनी सार्वजनिक विद्यापीठांची आवारेही त्यात आली. आपला भर मात्र १९७४ च्या कायद्यापासून प्रामुख्याने कारखाने आणि सांडपाणी यांवरच राहिला.

वास्तविक उपाय महागडे नाहीत. कोणते गटार कुठे जाते याचा नकाशा करणे, चुकीच्या जोडण्या शोधणे, माती झाकून ठेवणे, खाणावळीची भांडी व गाड्या उघड्या गटारापाशी न धुणे, पावसाआधी रस्ते झाडून कचरा उचलणे आणि छपरांचे पाणी जमिनीत मुरवणे. विद्यापीठापाशी जागा आहे, जाणकार आहेत, हाताशी विद्यार्थी आहेत. जिथे जलशास्त्र शिकवले जाते, तिथेच हे जमणार नसेल, तर नगरपालिकेकडून कोणत्या तोंडाने अपेक्षा करायची?