न सांभाळणारा साथीदार

वेळेचा आणि माझा फारसा सलोखा नाही. वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे; पण घंटा होण्याआधी एखादी कविता संपवली, असे क्वचितच घडले असेल. अशा माणसाच्या घरात लय मोजणारे यंत्र यावे, ही दैवाने केलेली थट्टाच म्हटली पाहिजे.

ते आले अर्थात माझ्यासाठी नव्हे. आमच्या तेरा वर्षांच्या कन्येसाठी. ती सतार शिकते आणि तिला तबल्याची साथ करतात तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील. अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर. नोकरी सांभाळून त्यांनी उभा जन्म भजनी मंडळात तबला वाजवला. दिवेलागणीनंतर नातीची गत आणि आजोबांचा त्रिताल सुरू झाला, की सौ. स्वयंपाकघरातून मान डोलावते आणि मी पेपर तपासण्याचे सोंग सोडून देतो.

गेल्या जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात कन्येची सतार होती. साथीला एक तरुण तबलजी होते. सुरुवात झकास झाली. पण दुगणीचे तोडे आले आणि कन्या सुटली! तबलजी आपल्या जागी ठाम. तिची तिहाई संपली, तेव्हा सम यायला अजून दोन मात्रा अवकाश होता. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. जेवताना एवढेच म्हणाली, "आजोबांबरोबर माझं कधीच चुकत नाही." भात कालवणारा अण्णांचा हात क्षणभर थांबला.

गुरुजींनी उपाय सांगितला : मेट्रोनोम लावून रियाज. हल्ली मोबाइलमध्येही टिकटिक मिळते, तबलाही मिळतो. पण शेजारी एक गृहस्थ व्हायोलिन शिकवतात. त्यांनी आपला जुना लाकडी मेट्रोनोमच आणून दिला. देवळाच्या शिखरासारखी निमुळती पेटी, बाजूला किल्ली आणि पुढे डुलणारी उभी दांडी. दांडीवरचे वजन वर सरकवले की ठोके संथ, खाली आणले की जलद; मिनिटाला ४० पासून २०८ पर्यंत. माल्झेल नावाच्या जर्मन कारागिराने १८१५ साली त्याचे पेटंट घेतले. मूळ युक्ती मात्र ॲमस्टरडॅमच्या विंकेलची. बीथोव्हेनने १८१७ साली आपल्या तोवरच्या आठही सिंफनींना या यंत्राचे आकडे दिले. त्यातले काही इतके जलद आहेत, की वादक मंडळी आजही त्यावरून वाद घालतात.

आपल्याकडे तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त मात्रेचे माप सांगितले ते असे : पाच लघु अक्षरे उच्चारायला लागेल तेवढा वेळ. म्हणजे मोजपट्टी माणसाच्या तोंडातच! मराठीच्या मास्तराला हे माप आवडावे, यात नवल नाही. अडचण एवढीच, की माणूस घाईत असला की त्याची अक्षरेही घाईत असतात.

पहिल्याच संध्याकाळी याचा प्रत्यय आला. वजन ६० वर ठेवले. गत नीट गेली. दुगण सुरू झाली आणि दोन आवर्तनांत सतार पुढे, टिकटिक मागे. शिवाय या यंत्राला ना सम कळते, ना खाली. सोळाही मात्रा त्याला सारख्याच. पहिली कोणती नि नववी कोणती, हे आपणच मनात धरायचे. कन्या वैतागून म्हणाली, "हेच मागं पडतंय!"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

"ते मागं पडत नाही, बाळ. तू पळतेस. आणि तू पळालीस की मी तुझ्यामागून धावतो, समेवर तुला गाठतो. म्हणून तुला कधी कळलंच नाही. चूक माझी आहे. मी तुला फार सांभाळून घेतलं."

'सांभाळून घेतो' ही साथीदाराची केवढी मोठी प्रशंसा! पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉलेजला मी वेळेवर पोहोचतो याचा मला थोडा अभिमान होता. त्याचे कारण, सौ.ने घरातले घड्याळ वर्षानुवर्षे दहा मिनिटे पुढे ठेवले आहे. आपल्या प्रेमाची माणसे आपली चूक इतक्या अलगद झेलतात, की ती आपल्याला दिसतच नाही. यंत्राला प्रेम नसते. तेवढ्यापुरते ते उपकारीच.

मग रोजचा क्रम ठरला. एक तोडा ६० वर सलग तीनदा बिनचूक. मग ६३, मग ६६. चुकला की पुन्हा खाली. हळूहळू कळले, की ती अवघड जागी नव्हे, सोप्या जागी पळते. हात मोकळा सापडला की निघालीच! पावसाळ्यात एकदा ती धावत माझ्याकडे आली. "बाबा, टिकटिक ऐकूच येत नाही!" मला वाटले, किल्ली संपली. पण यंत्र चालू होते. मिजराबीचा आघात नेमका ठोक्यावर पडू लागला होता आणि ठोका त्याच्याखाली झाकला जात होता.

यंदा पाडव्याला आमच्या सोसायटीत दिवाळी पहाट आहे. साथीला आजोबाच हवेत, असा कन्येचा हट्ट. परवा तालीम चालली होती, पेटी बंद होती. दुगणीत अण्णांचा डग्ग्यावरचा हात थकला आणि ठेका किंचित ओढला गेला. कन्येने मान वर करून पाहिले, तोडा जरासा सैल सोडला आणि दोघे समेवर एकत्र उतरली. सौ.ला काही कळले नाही. मलाही कळले नसते. पण अण्णांनी तबल्यावरचे हात उचलले, नातीकडे पाहिले आणि म्हणाले,

"आज तू सांभाळलंस हं मला."