बोंडअळीसाठी फोन लागतो, मनासाठी का नाही?

तुमच्या गावाकडच्या माणसाला तुम्ही शेवटचा फोन कधी केलात? आणि तो किती वेळ चालला?

माझ्या फोनमधली कॉलची यादी मी मागच्या महिन्यात उघडून बघितली. अमरावती जिल्ह्यात आमचं गाव आहे. तिथे माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एकटे राहतात. मोठी आई गेली त्याला दोन वर्षं झाली, दादा पुण्यात कंपनीत आहे. मोठ्या बाबांचे आणि माझे गेल्या तीन महिन्यांतले कॉल होते चार. सगळ्यात मोठा ५२ सेकंदांचा. ‘सोयाबीन बरं हाये. पाणी नाही. ठेवतो.’ संपलं.

आता गंमत बघा. हेच मोठे बाबा कपाशीवर बोंडअळी दिसली की किसान कॉल सेंटरला फोन लावतात. १८००-१८०-१५५१ हा नंबर त्यांना पाठ आहे. समोरच्या अनोळखी माणसाला पान कसं दिसतंय, अळी कुठे आहे, मागची फवारणी कधी झाली, सगळं नीट सांगतात. म्हणजे फोनवर बोलता येत नाही, अनोळखी माणसाशी बोलायला संकोच वाटतो, असं काही नाहीये. मग स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की ५२ सेकंद का?

एकटेपणा हा फक्त शहरातल्या फ्लॅटचा प्रश्न आहे असं आपल्याला वाटतं. गावात काय, सगळे एकमेकांना ओळखतात! पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा जणांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि गाव त्याला अपवाद नाही. शेतीचं काम बदललं तसं शेतातलं माणूसही कमी झालं. पूर्वी पेरणी-मळणीला माणसं एकमेकांच्या शेतात राबायची. त्याला कुठे सावड म्हणत, कुठे इर्जिक. आता ट्रॅक्टर येतो, दोन तासांत काम उरकतो, पुढच्या शेतात जातो. त्यात वाईट काहीच नाही, कष्ट वाचले. पण कामासोबत जे बोलणं व्हायचं, तेही गेलं. मोठ्या बाबांनी बैलजोडी विकली, तेव्हापासून दिवसभर तोंडातून शब्द निघावा असं शेतात कुणी नाही.

फोनच्या पलीकडे काय आहे?

सरकारकडे यावर एक चांगली सोय आहे, जी आपल्यापैकी अनेकांना माहीतच नाही. १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी सेवेकडे पाठवतात. ज्या गावातून जिल्ह्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं, तिथे ही गोष्ट लहान नाही. शिवाय चोवीस तास याला शेतात वेगळा अर्थ आहे. कृषिपंपाची वीज रात्री येते, माणूस रात्री दोन वाजता ओलिताला शेतात असतो. मनात काहीबाही येण्याची वेळही तीच.

आणि ‘बोलून काय होतं’ याचं उत्तर आपल्या शेजारीच मिळालंय. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर एक अभ्यास झाला, तो ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. यात ‘तुझं बालपण कसं होतं’ असलं काही नव्हतं. पद्धत साधी आहे: मन लागत नाही म्हणून माणूस बाहेर पडणं सोडतो, बाहेर पडत नाही म्हणून मन आणखी लागत नाही. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं. या आठवड्यात एक संध्याकाळ पारावर जायचं, पुढच्या आठवड्यात बाजाराला, मग बंद पडलेलं भजन परत सुरू करायचं. दर भेटीत विचारायचं, जमलं का? नाही जमलं तर कशामुळे?

गोव्यातलं हे बोलणं समोरासमोरचं होतं. हीच पद्धत अमेरिकेत घराबाहेर पडू न शकणाऱ्या ज्येष्ठांवर व्हिडिओ कॉलने वापरून बघितली गेली. पाच आठवडे, आठवड्याला एक कॉल. नुसत्या गप्पांच्या कॉलपेक्षा या कॉलनी एकटेपणा जास्त कमी झाला. म्हणजे पडद्यावरूनही हे जमतं.

मग अडतं कुठे?

मी मोठ्या बाबांना १४४१६ बद्दल सांगितलं. उत्तर आलं, ‘मले का येड लागलं का वं?’

पहिली अडचण ही. दुसरी, जागेची. दोन खोल्यांच्या घरात चार माणसं आणि एक मोबाइल असेल, तर मनातलं बोलायचं कुठे? बाईचं तर विचारूच नका, फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. तिसरी अडचण शब्दाची. आमच्याकडे कुणी ‘मला एकटेपणा जाणवतो’ असं म्हणत नाही. ‘गमत नाही’ म्हणतात. जेवण जात नाही, झोप नाही, गमत नाही. समोरच्याला या दोन शब्दांचं वजन कळलं नाही, तर कॉल तिथेच संपतो.

पण सगळ्यात मोठी अडचण मला वेगळी वाटते. हेल्पलाइन गृहीत धरते की फोन तुम्ही करणार. बोंडअळी दिसते, म्हणून माणूस फोन करतो. एकटेपणा माणसाला उलट शिकवतो, की फोन करून काही होत नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच फोन करणार नाही.

हे ओळखून काम झालंय, तेही आमच्याच जिल्ह्यात. ‘विश्राम’ प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत कार्यकर्ते स्वतः घरोघरी गेले, गावात बैठका घेतल्या, मग समुपदेशक आणि डॉक्टरांशी जोडून दिलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने हा आकडा २७ वर गेला. या गावांत आधी कुणी हाकच मारली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला समुपदेशन नको, भाव द्या. बरोबर आहे. २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. कर्ज, नापिकी, पडलेले भाव फोनवरच्या बोलण्याने सुटत नाहीत, आणि हेल्पलाइन दाखवून कुणी या प्रश्नांतून सुटका करून घेऊ नये. पण भाव मिळेपर्यंत माणसाने जगायला हवं. घराला छप्पर हवं म्हणून आजारी माणसाला औषध देऊ नये असं आपण म्हणतो का?

इथे आपण येतो

अमेरिकेतलाच, टेक्सासमधला आणखी एक प्रयोग आपल्या वयाच्या लोकांसाठी वाचण्यासारखा आहे. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, घरपोच जेवण मिळणाऱ्या २४० जणांपैकी निम्म्यांना चार आठवडे नियमित फोन केले गेले. फोन करणारे १७ ते २३ वर्षांचे होते. थोडंसं प्रशिक्षण, दहा-दहा मिनिटांचे कॉल. सूचना एकच, ऐका आणि समोरच्याला हवं त्या विषयावर बोलू द्या. महिन्याभरात त्या लोकांचा एकटेपणा आणि नैराश्य दोन्ही कमी झालं. ही थेरपी नव्हती, आणि ते लोक शेतकरीही नव्हते. पण फोन पलीकडून येत होता, हे महत्त्वाचं.

तर एवढं करून बघा. गावाकडच्या एका माणसासाठी आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा. ‘कसे आहात’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘बरं हाये’ असंच येतं. ‘आज कोण भेटलं?’ विचारा. सल्ला देऊ नका. आणि झोप, जेवण तुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येतंय असं वाटलं, तर आपणच डॉक्टर होऊ नका. त्यांच्या शेजारी बसून १४४१६ लावा. लांब असाल तर गावातल्या आशाताईंना किंवा विश्वासातल्या माणसाला त्यांच्याकडे पाठवा.

मी मंगळवार ठरवलाय, रात्री आठ. पहिले दोन मंगळवार एकेक मिनिटाचे झाले. तिसऱ्या वेळी मी विचारलं, बैल कुणाला विकले होते? मोठे बाबा ११ मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, ‘गमत नाही वं पोरी.’

दिवाळीला गेले तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी लिहिलेला किसान कॉल सेंटरचा नंबर दिसला. त्याच्याखाली मी १४४१६ लिहून आले. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. खोडलाही नाही.